चाळिशीनंतर स्कूटी शिकताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरात गाडी असते. नवरा, मुलगी, भाचा सगळे चालवतात. आपण मात्र वीस वर्षं मागच्या सीटवर, नाहीतर रिक्षाच्या रांगेत. "शिकायचंय" असं दर दिवाळीला ठरतं आणि दर दिवाळीला राहून जातं. अशा बायकांकडून (आणि काही पुरुषांकडूनही, ते जरा दबक्या आवाजात विचारतात) पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं बिनगिअरच्या स्कूटरसाठी आहेत. भीती गेली की शिकू, असं म्हणत थांबू नका. ही भीती घरी बसून जात नाही, गाडी हाताळता हाताळता जाते. म्हणून पहिलं पाऊल इतकं लहान ठेवलं आहे की त्यात इंजिन सुरूच करायचं नाही. घाई असेल तर आधी प्रश्न ३ आणि ४ वाचा.

१. माझं वय ४७ आहे. या वयात जमेल का? किती दिवस लागतील?

जमेल. वयामुळे शिकण्याचा वेग थोडा कमी होतो आणि पडण्याची धास्ती जास्त असते, एवढाच फरक. उलट रस्त्यावर इतकी वर्षं मागे बसून काढल्यामुळे समोरचा कधी वळेल, बस कुठे थांबेल, याचा अंदाज तुम्हाला सतरा-अठरा वर्षांच्या मुलापेक्षा चांगला असतो.

ढोबळ हिशेब असा: सायकल येत असेल आणि रोज ४०-४५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस सराव केला, तर दोन आठवड्यांत मोकळ्या मैदानावर गाडी हातात बसते. त्यानंतर साध्या रस्त्यावर सरावायला आणखी महिनाभर धरा. रविवारी एकदम तीन तास केलेला सराव फुकट जातो. पहिल्या तासानंतर मनगटं आणि खांदे थकतात, चुका वाढतात आणि चुकांची आठवण घेऊनच घरी जाणं होतं.

शिकण्याआधी डॉक्टरांशी बोलायला हवं ते फिट येत असतील, चक्कर येत असेल, हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल किंवा झोप आणणारी औषधं चालू असतील तर. नजर घरीच तपासता येते: भर उजेडात, चष्मा असल्यास लावून, २५ मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. लायसन्सच्या अर्जातही हेच विचारतात.

२. मला सायकलसुद्धा येत नाही. आधी सायकल शिकू की थेट स्कूटी?

आधी सायकल, पण अख्खी नाही. फक्त तोल शिकायचा आहे. सायकल साधारण १५-१८ किलोची असते आणि स्कूटर शंभर किलोच्या आसपास. तोल चुकला तर कुठली सावरेल, हे उघड आहे.

जुनी सायकल घ्या आणि दोन्ही पॅडल काढून टाका. बहुतेक सायकलींना १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो, तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसलं की लोक जोर लावून आटा मोडतात. सीट इतकं खाली घ्या की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील. किंचित उतार असलेली जागा शोधा. आधी बसून चालत जा, मग मोठी पावलं टाका, मग दोन्ही पाय उचलून घसरत जा. पाय न टेकता मनात दहापर्यंत मोजता आलं की तोल आला. याला बहुधा तीन-चार दिवस पुरतात. पॅडल मारायला शिकलंच पाहिजे असं नाही. इथून थेट प्रश्न ३ वर या.

३. पहिल्या दिवशी नक्की काय करायचं?

पहिल्या दिवशी इंजिन सुरू करायचं नाही. हँडलचं लॉक उघडा आणि चावी बंद करून ठेवा. इंजिन बंद असलं तरी ब्रेक लागतात, त्यामुळे काळजी नको.

आधी गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहा, दोन्ही मुठी धरा आणि गाडी वीस पावलं चालवत न्या. डाव्या ब्रेकने थांबवा. पुन्हा न्या. मग डावीकडे एक गोल, उजवीकडे एक गोल. गाडी किंचित आपल्या कमरेकडे कललेली ठेवा, पलीकडे गेली तर ओढून आणता येत नाही. दहा मिनिटं हे केलं की गाडी जड आहे ही भीती बरीचशी उतरते. ती जड नसते, फक्त एका ठरावीक कोनानंतर जड होते.

तो कोन आता शोधायचा. सीटवर बसा, स्टँड काढा, दोन्ही पाय जमिनीवर. गाडी हळूच डावीकडे कलू द्या. थोडा वेळ काहीच वजन जाणवत नाही, मग एका जागी मांडीवर एकदम भार येतो. तिथून परत सरळ करा. उजवीकडेही तसंच. पाच-सहा वेळा केल्यावर ती जागा शरीराच्या लक्षात राहते.

पुढचं काम म्हणजे बसून पायांनी ढकलत वीस मीटर जायचं आणि दोन्ही ब्रेक एकत्र दाबून थांबायचं. हे दहा वेळा. जरा उतार असेल तर दोन सेकंद दोन्ही पाय उचलून फूटबोर्डवर ठेवायचे.

शेवटची पाच मिनिटं डोळे मिटून बोटांनी इंडिकेटर, हॉर्न, डिपर आणि स्टार्टरचं बटण शोधा. आणि घरी जा. "एवढं जमलंय तर सुरू करून बघू" असा मोह होतो, शिकवणाऱ्यालाही होतो. तो टाळा. पहिला दिवस एकही दचका न बसता संपला, तर दुसऱ्या दिवशी जावंसं वाटतं.

४. मूठ फिरवली की गाडी एकदम उसळते. माझाच हात वाईट आहे का?

नाही. हा सगळ्यांचा पहिला अडथळा असतो, आणि त्याचं कारण गाडीच्या रचनेत आहे. स्कूटरचा क्लच आपोआप लागतो. इंजिन मंद फिरत असताना तो सुटलेला असतो आणि फेरे वाढले की आतले तुकडे बाहेर फाकून ड्रमला पकडतात. म्हणून मूठ थोडी फिरवली तर आधी काहीच होत नाही, फक्त आवाज वाढतो. गाडी हलत नाही म्हणून आपण आणखी पिळतो, आणि नेमका त्याच क्षणी क्लच पकडतो. गाडी पुढे झेपावते, शरीर मागे जातं, हात ताणले जातात, दचकून मूठ घट्ट आवळली जाते आणि मनगट खाली येतं. मनगट खाली येणं म्हणजे आणखी रेस. भिंतीवर जाऊन आदळलेल्या बहुतेक गाड्यांच्या मागे हीच साखळी असते.

तोडायची कशी? मुठीवर हात ठेवताना मनगट हाताच्या रेषेत सरळ असू द्या, वर उचललेलं नको. वर उचललेल्या मनगटाला दचकल्यावर खाली पडायला भरपूर जागा मिळते, सरळ मनगटाला फार कमी. सराव चालू असताना दोन्ही हातांची दोन-दोन बोटं ब्रेकच्या दांड्यावर टेकवून ठेवा. बोटं तिथे असली की मूठ पूर्ण आवळताच येत नाही.

मग हा एकच सराव करा. मैदानावर पाच मीटर अंतरावर दोन विटा ठेवा. पहिल्या विटेपाशी गाडी सुरू, दोन्ही पाय जमिनीला लागलेले. मूठ अगदी सावकाश फिरवा आणि कान इंजिनाकडे ठेवा. आवाज भरतो आणि गाडी किंचित सरकते, ती क्लच पकडण्याची जागा. सरकली की मूठ बंद. गाडी आपल्या गतीने दुसऱ्या विटेपर्यंत जाईल, तिथे ब्रेक. हे तीस वेळा करा. पहिले दहा वेळा पाय जमिनीलगत तरंगते, नंतर फूटबोर्डवर. शिकवणाऱ्याने ओरडायचंच असेल तर दोनच शब्द: "मूठ सोड."

आणि एक नियम आयुष्यभरासाठी: बूड सीटवरून उठलं की इंजिन बंद. पार्किंगमध्ये गाडीच्या शेजारी उभं राहून, चालू इंजिनवर, उजवी मूठ धरून गाडी ओढणं हा नवशिक्यांचा सगळ्यात मोठा घात आहे. ओढताना मूठ फिरते आणि गाडी माणसाला घेऊन जाते. डबल स्टँडवर सुरू केलेल्या गाडीलाही रेस देऊ नका, मागचं चाक फिरत असताना ती स्टँडवरून उतरली तर तशीच सुटते.

५. आधी कुठला ब्रेक दाबायचा, उजवा की डावा?

दोन्ही, एकत्र, हळूहळू वाढवत. लिंबू पिळतो तसं. उजवा पुढच्या चाकाचा, डावा मागच्या चाकाचा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक सक्तीचा झाला, त्यामुळे त्यांत डावा दाबला की थोडा पुढचाही लागतो. घरात त्याआधीची गाडी असेल तर तसं होईलच असं नाही.

"पुढचा ब्रेक दाबू नकोस, पडशील" हा सल्ला अर्धाच खरा आहे. सरळ चालताना गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. तो धोक्याचा ठरतो दोन वेळा: हँडल वळलेलं असताना आणि चाकाखाली वाळू, खडी किंवा ओली माती असताना. तेव्हा उजव्या हाताची बोटं सैल आणि डावा ब्रेक पुढे.

ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात आठ मीटरच्या वर अंतर कापते. समोर कुत्रं आलं हे कळून बोटं हलेपर्यंत तेवढं अंतर गेलेलं असतं. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं. आणि थांबताना पाय घासत आणू नका. ब्रेकने गाडी जवळजवळ थांबली की मग डावा पाय टेकवायचा. चालत्या गाडीवर टेकवलेला पाय मुरगळतो.

६. सरळ जाते, पण वळताना गाडी भलतीकडेच जाते.

नजर जिथे, गाडी तिथे. खड्डा चुकवायचा म्हणून खड्ड्याकडेच बघत राहिलं तर चाक बरोबर खड्ड्यात जातं. वळताना हनुवटी खांद्यावरून फिरवून, वळण जिथे संपतं तिथे बघा. पुढच्या चाकाकडे अजिबात नाही.

दुसरी चूक म्हणजे वळणाच्या मध्यावर मूठ पूर्ण बंद करणं. वेग मेला की तोलही जातो आणि गाडी आतल्या बाजूला झोपते. वळणाआधी वेग कमी करा आणि वळताना किंचित रेस धरून ठेवा. फारच हळू वळायचं असेल तर ती रेस तशीच ठेवून डावा ब्रेक अगदी हलका लावा. गाडी दोरीला बांधल्यासारखी स्थिर वळते. आधी आठ मीटर रुंदीचा गोल घ्या, मग सहाचा, मग चारचा.

७. डबल स्टँडला गाडी लागतच नाही. ताकद कमी पडते.

ताकद हातांची लावताय म्हणून. डाव्या हाताने डावी मूठ, उजव्या हाताने मागची दांडी, उजवा पाय स्टँडच्या कडेवर. आधी पायाने स्टँड दाबून त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकवा. टेकल्याचा टक् असा आवाज येतो, गाडीही सरळ उभी राहते. आता शरीराचं सगळं वजन त्या उजव्या पायावर घेऊन गुडघा सरळ करा. गाडी स्वतःच मागे चढते, हातांनी फक्त दिशा द्यायची. चपलेत हे नीट होत नाही, बूट घाला. गुडघा दुखत असेल तर साइड स्टँड पुरेसा आहे, मात्र उतारावर नको.

८. उंची चार फूट दहा इंच आहे. कुठली गाडी घेऊ? इलेक्ट्रिक चालेल का?

शिकायला घरात आहे ती गाडी वापरा. नवी कोरी गाडी घेऊन शिकणारी बाई गाडीला ओरखडा पडेल या धाकाने मोकळेपणी शिकत नाही.

घ्यायचीच असेल तर शोरूममध्ये बसून दोन गोष्टी बघा: दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात का आणि टाच किती वर राहते. बहुतेक स्कूटरच्या सीटची उंची ७६ ते ७८ सेंटीमीटरच्या आसपास असते, पण सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि तीच गाडी उंच वाटते. म्हणून कागदावरचा आकडा वाचून ठरवू नका. वजन ९५ किलोपासून ११० किलोपर्यंत असतं, आणि नवशिक्याला हा फरक मुख्यतः पार्किंगमध्ये जाणवतो.

इलेक्ट्रिक गाडी शिकायला सोपी की अवघड? दोन्ही. तिच्यात प्रश्न ४ मधला क्लच बहुधा नसतोच, त्यामुळे मूठ फिरवल्याबरोबर ओढ मिळते आणि अंदाज लवकर येतो. पण उभी असताना ती आवाज करत नाही, त्यामुळे चालू आहे हे विसरून मूठ धरली जाते. शिकताना कमी वेगाच्या मोडवरच ठेवा. ज्या इलेक्ट्रिक गाडीची मोटर २५० वॉटपर्यंत आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आहे, तिला लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. त्याहून जोरदार गाडीला सगळं लागतं. दुकानदाराच्या बोलण्यावर न जाता कागदावरचे आकडे बघा.

९. नवरा शिकवतो, पण पाचव्या मिनिटाला ओरडतो. मुलाकडून शिकू का? तो सोळा वर्षांचा आहे, पण छान चालवतो.

मुलाकडून नाही. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं लायसन्स मिळतं. नेहमीच्या ११० किंवा १२५ सीसी स्कूटरला अठरा पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकांना किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याचं कौतुक घरात राहू द्या.

नवऱ्याबरोबर शिकायचं असेल तर मैदानावर जाण्याआधी, घरी, चहा पिताना तीन गोष्टी ठरवून घ्या. एक, तो मागून गाडी धरून पळणार नाही. धरलेला हात सुटला की तोल जातो, शिवाय तुमचं सगळं लक्ष "धरलंय ना?" यातच अडकतं. दोन, गाडी चालू असताना तो फक्त "थांब" किंवा "मूठ सोड" एवढंच बोलेल, बाकीचं थांबल्यावर. तीन, तो गाडीच्या समोर उभा राहणार नाही. हे पाळलं जात नसेल तर मैत्रीण, नणंद किंवा गावातली शिकवणीवाली बाई बघा. अनेक शहरांत बायकाच बायकांना स्कूटी शिकवतात. नात्यातला राग मैदानावर आणायची गरज नसते.

१०. लोक बघतात. ओळखीचं कुणी भेटलं तर फार संकोच वाटतो.

सकाळी सहा ते सात ही वेळ घ्या आणि घरापासून थोडं लांबचं मैदान निवडा. चालायला येणाऱ्यांची गर्दी सुरू होण्याआधी तासभर मोकळा मिळतो. आणि 'एल' ची पाटी लावा. ती लावली की मागचा माणूस हॉर्न कमी वाजवतो, बघणाराही लगेच समजून घेतो. ती कायद्यानेही लागतेच (प्रश्न १२).

११. मैदानावर सगळं जमतं. रस्त्यावर आले की हातपाय गार पडतात.

मैदान आणि रस्ता यांच्यामध्ये एक पायरी सुटलेली असते. ती घाला.

आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून डावं वळण सगळ्यात सोपं. समोरून येणारी रांग ओलांडावी लागत नाही. घराजवळचा असा चौकोन शोधा की चार डावी वळणं घेतली की परत दारात याल. आधी तो दोनदा पायी चाला. खड्डे, स्पीडब्रेकर, कुत्र्यांचं टोळकं, शाळेचं फाटक, सगळं लक्षात ठेवा. मग रविवारी सकाळी सात वाजता तोच चौकोन गाडीवर, पाच फेऱ्या. वेग ताशी २० ते २५. याहून हळू गेलात तर गाडी डुगडुगते आणि मागचे अस्वस्थ होतात.

चार-पाच दिवसांनी एक उजवं वळण घाला. आरशात बघा, इंडिकेटर साधारण ३० मीटर आधी, मग उजव्या खांद्यावरून मागे एक झटकन नजर, मग हळूहळू रस्त्याच्या मध्याकडे. आरशात न दिसणारी एक जागा असते आणि बाइकवाले नेमके तिथेच असतात. समोरून गाडी येत असेल तर थांबा. मागच्याने हॉर्न वाजवला म्हणून कधीही वळू नका. वळून झाल्यावर इंडिकेटर बंद करायला नवशिके हमखास विसरतात.

त्यानंतर सिग्नल. हिरवा लागल्यावर सगळे सुटतात त्या क्षणाचीच भीती असते. रांगेत पुढे घुसू नका, डावीकडे थांबा आणि हिरवा लागल्यावर मनात "एक, दोन" म्हणून निघा. मागच्यांना दोन सेकंद थांबायला काही होत नाही.

मग चढ. चढावर थांबलात तर डावा ब्रेक धरून ठेवा, मूठ सावकाश फिरवा, गाडी पुढे ओढू लागली की ब्रेक सोडा. ब्रेक आधी सोडला की गाडी मागे येते, आणि घाबरून दिलेली रेस प्रश्न ४ वर नेऊन सोडते.

पहिली खरी फेरी कामाची असू द्या: दीड-दोन किलोमीटरवरची भाजी, दळण, टपाल. फक्त चालवायला म्हणून निघालं की मन सारखं भीतीकडे जातं. दळण आणायचं असेल तर ते दळणाकडे जातं. गाडी कुठे लावायची ते आधीच बघून ठेवा, बऱ्याच जणींना चालवण्यापेक्षा गर्दीत लावण्याचाच धसका असतो.

पुण्यात राहत असाल तर लक्ष्मी रस्ता, फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता हे पहिल्या महिन्यात नकोत. एकेरी आहेत म्हणून सोपे वाटतात, पण दोन्ही बाजूंनी गाड्या घुसतात.

१२. लर्निंग लायसन्स कधी काढू? शिकून झाल्यावर की आधी?

आधी. लायसन्स नसताना रस्त्यावर गाडी चालवण्याचा दंड ५,००० रुपये आहे, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो.

सारथी पोर्टलवर अर्ज करायचा. आधार जोडलेलं असेल तर महाराष्ट्रात घरबसल्या परीक्षा देता येते. आधी सुरक्षेचा व्हिडिओ बघावा लागतो. प्रश्न १५ येतात, ९ बरोबर लागतात. बहुतेक रस्त्यावरच्या चिन्हांचे असतात. चाळिशीच्या पुढे असाल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-ए, लागतं. इथे बऱ्याच जणी अडकतात, कारण मुलीच्या वेळी ते लागलेलं नसतं.

हे लायसन्स सहा महिने चालतं. पक्क्यासाठी ३० दिवसांनंतर अर्ज करता येतो. तोवर गाडीच्या पुढे-मागे १८ सेंटीमीटर चौरस पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. या काळात मागे कुणाला बसवता येत नाही, अपवाद फक्त लायसन्स असलेल्या शिकवणाऱ्याचा. मैत्रिणीला सोडायला जाणं त्यात बसत नाही.

अर्ज भरताना 'गिअर नसलेली' आणि 'गिअर असलेली' असे दोन पर्याय दिसतात. बिनगिअरचं काढलं तर त्यावर मोटरसायकल चालवता येत नाही. पुढे शिकायची इच्छा असेल तर आताच विचार करा.

१३. टेस्टला आठचा आकडा काढायला लावतात. पाय टेकला तर नापास?

टेकला तर बहुतेक वेळा हो. सराव प्रश्न ६ प्रमाणेच करा, फक्त दोन गोल जोडायचे. जिथे दोन गोल मिळतात तिथे नजर आधी फिरवायची, हँडल नंतर. ज्या गाडीवर सराव केला तीच न्या, सोबत आरसी, चालू विमा आणि पीयूसी. हेल्मेट विसरू नका. नापास झालात तर सात दिवसांनंतर पुन्हा देता येते.

१४. साडी, ओढणी, अंबाडा, चष्मा यांचं काय करायचं?

शिकण्याच्या दिवसांत सलवार किंवा पँट, आणि मागे पट्टा असलेली पादत्राणं किंवा बूट. ओढणी आणायचीच नाही, ती चाकात जाते. काचेच्या बांगड्या काढून ठेवा, पडल्यावर मनगटाची खरी जखम त्यांचीच होते. नंतर साडीवर चालवणार असाल तर निऱ्या गुडघ्यांत धरून पदर कमरेला खोचा आणि आधी मैदानावर पाय टेकून बघा. साडीत पाय टेकायला थोडा उशीर होतो, त्याचा अंदाज हवा.

अंबाडा किंवा क्लचरवर हेल्मेट बसत नाही, वर तरंगतं. मानेपाशी खाली वेणी घाला. हेल्मेट आयएसआय मार्कचं, त्यावर आयएस ४१५१ हा आकडा असतो. पट्टा लावून मागून पुढे ढकलून बघा. डोक्यावरून निघून आलं तर ते तुमच्या मापाचं नाही.

जवळचा आणि लांबचा एकत्र चष्मा असेल तर खालच्या भागातून रस्ता धूसर दिसतो आणि स्पीडब्रेकरचा अंदाज चुकतो. हनुवटी किंचित खाली ठेवा किंवा गाडीसाठी फक्त लांबचा चष्मा करून घ्या.

१५. एकदा पडले. आता बसवतच नाही.

दुखणं बरं झालं की, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की, थेट रस्त्यावर परत जाऊ नका. घाबरलात त्याच्या दोन पायऱ्या मागून सुरू करा. वळताना पडला असाल तर इंजिन बंद करून चालवत गोल, मग विटांचा सराव, मग मोठा गोल. पडण्याचं कारण नेमकं शोधा: वाळू होती, पुढचा ब्रेक वळणात लागला, पाय लवकर टेकवला, की मूठ आवळली? "मला जमतच नाही" हे कारण नव्हे. नेमकं कारण सापडलं की त्याच्यावर नेमका सराव करता येतो. डोकं आपटलं असेल तर हेल्मेट बदला, वरून ठीक दिसत असलं तरीही.

पडलेली गाडी उचलायला शिकून ठेवा, भीती कमी होते. चावी बंद करा. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढा, म्हणजे उचलल्यावर पलीकडे जाणार नाही. सीटकडे पाठ करून खाली बसा, एका हाताने मूठ, दुसऱ्याने मागची दांडी धरा, पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे मागे चालत उठा. वाकून हातांनी उचलली तर कंबर धरते. पेट्रोलचा वास येत असेल तर लगेच सुरू करू नका.

१६. लायसन्स आहे, पण बारा वर्षं गाडीला हात लावलेला नाही.

आधी लायसन्सची मुदत बघा. मुदत संपून वर्षाच्या वर गेलं असेल तर नूतनीकरणाला पुन्हा टेस्ट द्यावी लागते. सराव प्रश्न ३ पासून करा, एका दिवसात आटोपेल. रस्ता मात्र प्रश्न ११ प्रमाणेच, पायरीपायरीने. बारा वर्षांत रहदारी बदलली आहे आणि जुना आत्मविश्वास तिथे फसवतो.

१७. पावसाळ्यात सुरू करू का?

मैदानावरचं सगळं करा, चिखल नसेल तर. पहिल्यांदा रस्त्यावर जाणं मात्र उघडिपीवर ठेवा. पहिली सर पडते तेव्हा रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून सगळ्यात निसरडं होतं. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पडलेली पानं आणि फुलं यांच्यावर ना ब्रेक, ना वळण. रेल्वेचे रूळ काटकोनात ओलांडायचे. पाणी साचलेलं असेल तर खड्डा आहे असंच धरा.

१८. मुलाला शाळेत सोडायचं आहे. डबलसीट कधी घेऊ?

पक्कं लायसन्स हातात आल्यावर, आणि एकटीने दोनेक महिने रोज चालवल्यावर. पहिल्यांदा मुलाला नको. लायसन्स असलेल्या, मागे शांत बसणाऱ्या मोठ्या माणसाला घेऊन मैदानावर जा. मागे वजन आलं की गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, हँडल हलकं वाटतं आणि थांबल्यावर पाय टेकताना तोल तुमच्या एकटीवर येतो. मागच्याने तुम्ही सांगितल्यावरच चढायचं आणि सांगितल्यावरच उतरायचं.

मूल नऊ महिने ते चार वर्षांचं असेल तर त्याला हेल्मेट आणि तुमच्या शरीराला बांधणारा सुरक्षा पट्टा सक्तीचा आहे, आणि वेग ताशी ४० च्या आत. पुढे फूटबोर्डवर उभं करू नका. तिथून मुलाचे हात सहज मुठीपर्यंत पोचतात, आणि ब्रेक लागला की त्याचं तोंड थेट हँडलवर आपटतं.